भौतिकशास्त्रात बीएस्सी झाल्यावर क्लायमेट सायन्समध्ये मास्टर्स करावं का? भारतात की जर्मनीत?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "मला मॉडेलिंगच करायचं आहे, डेटा गोळा करण्याच्या कारकुनी कामात रस नाही." मॉडेलिंग म्हणजे हवेची समीकरणं संगणकावर सोडवून हवामानाचा अंदाज काढणं. त्या तुमच्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहायला बसले. प्रवेश, फी, नोकरी हे नंतर बघू.

मी पुण्यात वातावरणशास्त्रात एमएस्सी केलं. मूळची सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातली, दुष्काळी पट्ट्यातली. वडील तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होता आणि पावसाळ्यात सकाळी साडेआठचं रीडिंग त्यांच्याकडे असायचं. आदल्या दिवशीच्या साडेआठपासून साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, पाण्याच्या कडा वर चढलेल्या दिसतात त्या सोडून मधली खालची पातळी वाचायची आणि आकडा रजिस्टरमध्ये चढवायचा. पाऊस झाला नसेल तर शून्य लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही. "शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. मोकळं म्हणजे बघितलंच नाही," हे मी शाळेत असताना त्यांच्या तोंडून ऐकलंय. रविवारीसुद्धा ते सायकल काढून जायचे.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी पश्चिम महाराष्ट्रातल्या काही केंद्रांचा रोजचा पाऊस घेतला. प्रश्न साधा होता: अतिवृष्टीचे दिवस वाढताहेत का? एका केंद्रावर वाढ इतकी ठळक दिसत होती की बरोबरचे म्हणाले, झालं, याच्यावर पेपर लिही. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. भर पावसाच्या आठवड्यातही मध्येच एखादा दिवस कोरडा ठणठणीत आणि लगेच दुसऱ्या दिवशी भलामोठा आकडा. शेजारच्या केंद्रांवर तसं काही नाही. मी तारखांचे वार काढले. कोरडे दिवस बहुतेक रविवारी, मोठे आकडे सोमवारी.

मग त्या गावी जाऊन मूळ रजिस्टरं बघायला मागितली. जुन्या रजिस्टरांत रविवारीही इतर वारांसारखेच आकडे होते. एका वर्षी हस्ताक्षर बदलतं आणि तिथून पुढे रविवारच्या रकान्यात आडवी रेघ. पुढे कधीतरी कोणीतरी हे सगळं संगणकात भरताना त्या रेघेचं शून्य केलं होतं. शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंतचा पाऊस एकट्या सोमवारच्या नावावर जात होता. आलेखातली वाढ बरोबर त्याच वर्षी सुरू झाली होती. ते सोमवार बाजूला काढल्यावर त्या केंद्रावर सांगण्यासारखी वाढ उरली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही कारकुनी झाली. यात विज्ञान कुठे आहे?" रूममेट त्या रात्री म्हणाली, तरी तुला सांगत होते, मॉडेल घे. तिने मॉडेल घेतलं होतं. आज ती जर्मनीत आहे, चांगलं काम करते, आणि आमचा हा वाद अजून फोनवर चालू असतो. त्या परीक्षकांना तेव्हा जे सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगते.

1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. केंब्रिजचे गणिती, हवामानशास्त्राशी आधीचा संबंध नाही. 1899 चा भीषण दुष्काळ ताजा होता आणि सरकारला मान्सूनचा भरवशाचा अंदाज हवा होता. वॉकरांनी जगभरातल्या केंद्रांचे हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे जुने आकडे एकमेकांशी ताडून बघायला घेतले आणि आकडेमोडीला कार्यालयातल्या भारतीय कर्मचाऱ्यांना बसवलं. त्यातून सदर्न ऑसिलेशन हाती आलं. हिंदी महासागराच्या बाजूला दाब वाढला की पॅसिफिकच्या बाजूला उतरतो, असा तो झोका. आज टीव्हीवर एल निनोची बातमी येते तिचं अर्धं मूळ तिथे आहे. संगणक नव्हता, मॉडेल नव्हतं. कोणीतरी नेमाने भरलेली रजिस्टरं होती आणि ती वाचणारं गणिती डोकं होतं.

मॉडेलचं महत्त्व मी नाकारत नाही. 2021 चं भौतिकशास्त्राचं निम्मं नोबेल मनाबे आणि हासेलमान या हवामानशास्त्रज्ञांना मिळालं ते याच कामासाठी, आणि ते मिळायलाच हवं होतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या सहाव्या अहवालामागे जी मॉडेलं होती त्यांत पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं) अर्थ सिस्टीम मॉडेल होतं, भारतातून गेलेलं पहिलं. पण अशी मॉडेलं पृथ्वी चौकटींत वाटतात आणि प्रत्येक चौकटीसाठी एकच आकडा काढतात, आणि अशी एक चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, आणि दोन्हींमध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. माझा आख्खा जिल्हा एका चौकटीत जातो. तिथे जो सरासरी आकडा येतो तो पाऊस कुठल्याच गावात पडत नाही.

रूममेट म्हणते, चौकट लहान करा, प्रश्न सुटेल. चौकट लहान होतेही आहे. 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरची आहे, तीही आयआयटीएममध्येच तयार झाली. मला त्याचा अभिमान आहे. पण सहा किलोमीटरवरचा अंदाज बरोबर आला की चुकला हे ठरवायला सहा किलोमीटरवर मोजलेला पाऊस लागतो. तो कुठून आणणार? हवामान खात्याचा पाव अंशाचा, म्हणजे साधारण पंचवीसेक किलोमीटरच्या चौकटींचा, जो ग्रिड डेटा प्रत्येक विद्यार्थी डाउनलोड करतो, तो देशभरातल्या 6955 केंद्रांच्या नोंदींवरून बनवला, आणि प्रत्येक दिवशी सगळ्या केंद्रांचे आकडे असतात असं नाही. हल्ली एआयचे अंदाज गाजताहेत, पण त्यांतली बहुतेक मॉडेलं ईआरए5 वर, म्हणजे निरीक्षणं आणि मॉडेल एकत्र करून बनवलेल्या जगाच्या जुन्या हवामानाच्या डेटावर, शिकलेली आहेत. म्हणजे तिथेही प्रत्यक्ष मोजलेली निरीक्षणं ओतलेली असतातच.

संगणकाने चुकीचे आकडे आपोआप गाळता येतात, हा रूममेटचा दुसरा मुद्दा. 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73. शेजारच्या केंद्राशी जुळत नाही म्हणून आकडा गाळायचा नियम डोळे मिटून लावला, तर मुंबईच्या हवामानाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस गाळला जाईल. आणि माझे ते खोटे सोमवार या चाळणीतून सहज सुटतील, कारण दोन दिवसांचा मिळून पाऊस अशक्य कधीच वाटत नाही. कुठला आकडा ठेवायचा आणि कुठला काढायचा हे कळायला तो कोणी, कसा, कधी मोजला हे माहीत लागतं. हे विज्ञान नाही तर काय आहे?

आता तुमचा प्रश्न. मास्टर्स करा, पण गणित आवडत असेल तरच. पर्यावरणाची आवड म्हणून येणारी मुलं पहिल्याच सेमिस्टरला हबकतात, कारण समोर फिरत्या पृथ्वीवरच्या हवेची गती, थर्मोडायनॅमिक्स, रेडिएशन आणि पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स असतात. भौतिकशास्त्रातून आलेल्यांना ते झेपतं. लिनक्स आणि पायथन आत्तापासून हाताखालून घाला. फोरट्रान जुनी म्हणून सोडू नका, मोठी मॉडेलं अजून तिच्यातच आहेत.

मान्सूनवर काम करायचं असेल तर पुणे सोडून कुठेही जाऊ नका. विद्यापीठाचा विभाग, पाषाणला आयआयटीएम, शिवाजीनगरला हवामान खातं, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, सगळं एका शहरात आहे. पुण्याबाहेर जायचंच झालं तर कोचीचं कुसाट (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ), आयआयटी दिल्ली आणि बंगळुरूची आयआयएस्सी बघा.

जर्मनीत हॅम्बुर्ग विद्यापीठाचा इंग्रजीतला क्लायमेटचा मास्टर्स आहे. ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची वर्गणी भरावी लागते, पण व्हिसासाठी वर्षाचे जवळपास बारा हजार युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. ते कर्ज काढून करायचं असेल तर घरी नीट बोला.

एक मान्य करायला हवं. समुद्र, कार्बन चक्र किंवा थेट मॉडेलच्या आतली बांधणी हे तुमचं खरं ध्येय असेल, तर हॅम्बुर्ग उत्तमच आहे आणि तिथे माझं पुण्याचं म्हणणं लागू होत नाही. रूममेटच्या बाबतीतही तिचा निर्णय बरोबर ठरला. नोकरीचं म्हणाल तर नुसत्या मास्टर्सवर बहुधा प्रोजेक्टची कंत्राटी पदं मिळतात. पवन आणि सौर ऊर्जेचे अंदाज देणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या यांतही माणसं लागतात, आणि तिथेही पहिलं काम हातात येतं ते डेटा तपासायचंच.

ईआरए5 चा दिवस आणि हवामान खात्याचा दिवस एक नसतो, हे पहिल्या प्रोजेक्टआधी वहीत लिहून ठेवा. आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठला, म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेनुसार) पहाटे तीन वाजता संपतो. दोन्ही तसेच्या तसे शेजारी ठेवून "मॉडेल चुकलं" असं लिहिलेले प्रबंध मी तपासलेत.

परीक्षांचं राहिलंच. गेटच्या एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपरमध्ये वातावरण आणि सागरविज्ञानाचा विभाग निवडता येतो. सीएसआयआर नेटला पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रह विज्ञान असा वेगळा विषय आहे. भौतिकशास्त्राचा अभ्यास दोन्हींना उपयोगी पडतो.