तापात झटका आला, रिपोर्टमध्ये सोडियम १३२ आहे. मुलीच्या जेवणात मीठ वाढवू का? परत झटका येईल का?

मीठ अजिबात वाढवू नका. आमच्याकडेपण सेम १३२ च आलेलं आणि त्या आकड्यावरून मी तीन वर्षं बोलणी खाल्लीत, म्हणून लिहितेय.

आम्ही सांगलीचे. पोरगा चौदा महिन्यांचा होता, संध्याकाळी अंग जरा गरम लागलं म्हणून थर्मामीटर शोधत होते तेवढ्यात मांडीवरच त्यानं डोळे फिरवले, हातपाय ताठ, मग झटके, ओठ निळे. घरात नुसती पळापळ, कुणी कांदा फोडतंय, कुणी चप्पल हुंगवतंय, आणि मोठ्या जाऊबाईंनी दातखीळ बसेल म्हणून सरळ स्टीलचा चमचा घातला तोंडात. झटका दोनेक मिनिटांत आपोआप थांबला. चमच्यानं हिरडी फाटली ती मात्र आठवडाभर दुखत होती, दूधसुद्धा ओढेना.

मिरजेला नेलं, पोचेपर्यंत पोरगं रडायलापण लागलेलं. रक्त घेतलं, सोडियम १३२, नॉर्मल १३५ ते १४५. झालं! जाऊबाई तिथंच, सगळ्यांसमोर, "वर्षभर अळणी घातलंस लेकराला, मग दुसरं काय हुणार?"

आता वर्षाच्या आत वरचं मीठ घालायचं नाही हे बालरोगतज्ज्ञच सांगतात, मी काय मनानं केलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले तापात शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणजे मीठ तेवढंच पण आमटीत तांब्याभर पाणी जास्त पडल्यासारखं, म्हणून आकडा थोडा उतरतो. झटका तापाचाच. सोडियममुळं येतो तेव्हा ते बहुतेक १२५ च्याही खाली गेलेलं असतं. साध्या तापाच्या झटक्यात ही टेस्ट दरवेळी लागतेच असंही नाही.

परत येऊ शकतो, साधारण तीनातल्या एका मुलाला येतो, वय सहा महिने ते पाच वर्षं. आमच्याला आला अजून एकदा. तेव्हा मी कुशीवर झोपवलं, घड्याळ बघत बसले आणि तोंडात काही घालू दिलं नाही, जाऊबाई रुसल्या तर रुसल्या. पॅरासिटामॉलनं पोराला बरं वाटतं, पण झटका टळेलच असं नाही.

हां, एक राहिलं. पाच मिनिटांच्या वर चालला, एकाच दिवसात दोनदा आला, एकाच बाजूला आला किंवा नंतर मूल नीट जागं होईना तर लगेच दवाखाना गाठा. जुलाब-उलट्या चालू असतील तर सोडियमचं खरंच बघावं लागतं, तिथं माझं १३२ चं पुराण लावू नका. ओआरएसचं पाकीट लिटरचं असेल तर पाणी लिटरभरच, अंदाजपंचे नको. आणि पावडरचं दूध पातळ करून पाजत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, जावेला नको.