लग्नाआधी मुलीची जनुकीय चाचणी करावी का?

नेरूळचे एक दांपत्य २४ वर्षांच्या मुलीला घेऊन आले, तेव्हा त्यांचा प्रश्न तयारच होता: "मॅडम, हिच्यासाठी स्थळं बघतोय, त्याआधी हिची जनुकीय चाचणी करून घेऊ का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईला ४१ व्या वर्षी ट्रिपल निगेटिव्ह (संप्रेरकांवरची आणि हर-२ प्रथिनावरची औषधे लागू पडत नाहीत अशा) प्रकारचा स्तनाचा कर्करोग झाला होता आणि मुलीची आजी, म्हणजे आईची आई, अंडाशयाच्या कर्करोगाने गेली होती.

मी सांगितले, की सुरुवात आईपासून करायची. ज्या व्यक्तीला कर्करोग झाला आहे तिच्या रक्तात दोष सापडला, तर इतरांत नेमके काय शोधायचे ते कळते. ते ठाऊक नसताना मुलीचा अहवाल 'निगेटिव्ह' आला, तर घरातला दोष तिच्याकडे आला नाही, की तो या चाचणीला सापडण्याजोगाच नव्हता, हे कोणी सांगू शकत नाही. तरीही घरचे निर्धास्त होतात. "माझं आता होऊन गेलंय, माझ्यावर कशाला खर्च?" असे आईचे म्हणणे होते. परंतु दोष असल्यास तिच्या दुसऱ्या स्तनाला आणि अंडाशयालाही धोका राहतो, आणि आजार उलटल्यास असा दोष असलेल्या कर्करोगावर चालणाऱ्या ओलापॅरिबसारख्या औषधाचा विचार करता येतो, हे समजल्यावर ती तयार झाली.

अहवालात बीआरसीए-१ जनुकात दोष निघाला. तो प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. थोरला भाऊ २७ वर्षांचा होता, पण त्याला कोणी बरोबर आणले नव्हते. स्थळांची चिंता फक्त मुलीच्या वाट्याला का येते, हे मी वडिलांना जरा स्पष्टच विचारले.

मुलीशी मी एकटीशी बोलले. दोष असणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७२ जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा, तर ४४ जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो, असे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. म्हणजे धोका मोठा आहे, पण अटळ नाही. साधारण २५ व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, ३० नंतर जोडीला मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी), आणि अंडाशयासाठी खात्रीची तपासणी नसल्यामुळे मुले झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय व बीजवाहिन्या काढणे, असा मार्ग सुचवला जातो. स्तन काढण्याचा पर्याय असतो, सक्ती नसते. यातले काहीच या महिन्यात करायचे नव्हते, त्यामुळे लग्न ठरण्याआधी अहवाल हवाच, ही मुदत वैद्यकाने घातलेली नव्हती. चाचणी कधी करायची आणि सासरच्यांना काय सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिचा, आईवडिलांचा नव्हे.

तिने काही महिने थांबायचे ठरवले. भावाने मात्र लगेच चाचणी केली आणि त्याच्यात दोष निघाला. साताऱ्याच्या मावशीसाठी मी नातेवाइकांना द्यायचे पत्र तयार केले, त्यात आईच्या अहवालातील दोषाचे नेमके नाव लिहिले आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन व उपचार संस्थेत टाटा स्मारक केंद्राचा कर्करोग जनुकशास्त्र विभाग आहे, हेही नमूद केले. मावशीला दोन मुलगे आहेत. त्यांचा उल्लेख पत्रात आवर्जून केला.