काई झालं तं?

गुरुवार आमच्या तालुक्याच्या गावचा बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतल्या बायका भाजीपाल्याच्या निमित्ताने येतात, आणि त्यातल्या काहीजणी पिशवी दाराशी ठेवून माझ्या खोलीत तासभर बसतात. समुपदेशनाला चालले असं घरी सांगता येत नाही, बाजाराला चालले असं सांगता येतं. म्हणून मी गुरुवार चुकवत नाही.

डिसेंबरात अशीच एक तरुण आई आली. तिचं नाव-गाव सांगणार नाही, अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरच्या बाजूचं खेडं एवढं पुरे. पाच एकर वावर, पराटी आणि तूर. मांडीवर दहा महिन्यांचा मुलगा. कापसाचे पैसे हाती आले होते आणि नवऱ्याने ठरवलं होतं की जानेवारीत दोन रात्री समुद्रावर जायचं. दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. नवऱ्याचा मित्र अलिबागजवळ नागावला जाऊन आला होता. तिथे नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये लोक खोल्या देतात, किनारा चालत जाण्याइतका जवळ. खोलीचे दिवसाला १२०० रुपये.

‘ताई, एवढ्या बारक्या लेकराले स्वस्तातल्या हॉटेलात ठेवावं का? समुद्राचं वारं बाधते म्हनतात. काई झालं तं?’

हा प्रश्न मला दरवर्षी पाच-सहाजणी विचारतात. कुणाला शेगावला जायचं असतं, कुणाला भावाच्या लग्नाला पुण्याला. गाव बदलतं, ‘काई झालं तं’ तेच असतं.

तिने पिशवीतून एक कागद काढला. बी-बियाण्याच्या दुकानाची पावती होती, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात तिने भीती लिहून आणल्या होत्या. सतरा. वारं. थंडी. लाट आली तर. पाणी बाधलं तर. गाद्यांत ढेकूण. पलंगावरून पडला तर. रात्री रडला आणि शेजारचे ओरडले तर. गरम पाणी नसेल तर. अंगावर पाजायला आडोसा नसेल तर. नजर. डॉक्टर कुठे शोधायचा. असं करत करत सतरावी ओळ होती: ‘आई म्हनतील, मी सांगतलं होतं.’ आई म्हणजे सासूबाई.

मी तिच्याच पेन्सिलने पहिल्या सोळा ओळींखाली एक रेघ मारली. म्हटलं, या सोळांना काही ना काही उपाय आहे, त्या आपण एकेक करून बघू. सतराव्या ओळीला समुद्राशी काही घेणं नाही. ती तू घरी बसलीस तरी तशीच राहील. कागदाकडे बघत ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ताप आला तं ताप उतरते. बोलनं नाई उतरत.’

माझ्या अनुभवात बाळंतिणींची निम्मी काळजी हीच असते. बाळाच्या जिवाची भीती खरी असतेच, पण तिच्या पोटात दुसरी बसलेली असते: काही झालं तर ते माझ्या एकटीच्या नावावर लिहिलं जाईल. घरातल्या बाकी सगळ्यांना प्रवास करायचा, फोटो काढायचे, आणि जबाबदारी मात्र तिची. अशा बाईला ‘काळजी करू नको’ म्हणणं मला क्रूर वाटतं.

तिच्या झोपेचं मी आधी विचारून घेतलं. बाळ झोपलं की तिला झोप लागत होती, जेवण जात होतं, हसू येत होतं. तसं नसतं, बाळ झोपूनही ती रात्रभर जागी राहत असती, उगाच रडू येत असतं, तर मी प्रवासाचं बोलणं बाजूला ठेवून तिला आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. ज्यांना असं होत असेल त्यांनी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक लावावा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या गुरुवारी नवऱ्याला घेऊन ये म्हटलं. तो आला, टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला. मी त्याला आत बसवलं आणि त्याच्याच फोनवरून नागावच्या त्या खोलीवाल्यांना फोन लावायला सांगितला, स्पीकर सुरू ठेवून. स्वस्त म्हणजे घाणेरडं असं काही नसतं. महागड्या ठिकाणी टॉवेल जास्त मिळतात, पण बाळाला लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या, आणि त्या विचारल्याशिवाय कळत नाहीत. मी नुसती बसून होते. विचारायचं त्याने.

फोन मालकीणबाईंनी उचलला. ‘आमच्याकडे लहान मुलं येतात हो नेहमी,’ त्या म्हणाल्या. पलंग नको असेल तर तो भिंतीला उभा करून खाली गाद्या घालून देऊ. खोली तळमजल्यालाच आहे. गरम पाणी सकाळी बंबाचं, इतर वेळी सांगितलं तर पातेलंभर तापवून देऊ. मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण करून मिळेल. रात्री रडला तर? ‘कडेची खोली देते, पलीकडे वाडीच आहे.’ मच्छरदाणी मात्र नव्हती, ती घरून न्यायची ठरली. आणि डॉक्टर? अलिबाग रायगड जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे जिल्हा रुग्णालय तिथेच आहे, नागावपासून वाहनाने अर्ध्या तासाच्या आत. मी या जोडप्याला आणखी खालचा एखादा एकांतातला किनारा सुचवला नाही तो याचसाठी. पहिल्या खेपेला बाळ घेऊन जाताना शांतता थोडी कमी असली तरी चालते, दवाखाना जवळ हवा.

फोन ठेवल्यावर नवरा बायकोला म्हणाला, ‘एवढं मले मालूमच नव्हतं इचारा लागते म्हून.’ सोळातल्या नऊ ओळी त्या एका फोनने खोडल्या गेल्या. खोडल्या त्यानेच.

वाऱ्याचं मी तिला सरळ सांगितलं. सर्दी वाऱ्याने होत नाही, सर्दी झालेल्या माणसाच्या खोकल्या-शिंकांतून आणि हातांतून येते. म्हणून गाडीतल्या अनोळखी माणसांना बाळाचे गालगुच्चे घेऊ देऊ नको, यात लाजायचं नाही. बडनेऱ्याहून रात्रीची मुंबईची गाडी, खालचा बर्थ, बाळ आतल्या अंगाला. जानेवारीत रात्री अंगावर गारठा येतो, पण समुद्रावर उतरलं की हवा दमट आणि कोमट. आपल्याकडून गुंडाळून नेलेलं स्वेटर तिथेही अंगावर ठेवलं तर बाळाला घामोळं येईल. सुती, पूर्ण बाह्यांचं झबलं आणि टोपी. आपल्याला उन्हाची सवय आहे म्हणून गाफील राहू नये, कारण वाळूवरून आणि पाण्यावरून ऊन परत उसळतं. सकाळी आणि पाचनंतरच किनाऱ्यावर जायचं. बाळाला लाटेत बुडवायचं नाही, ओल्या वाळूत पाय टेकवले की त्याचा समुद्र झाला. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा ती मालकीणबाईंना रोज विचारायची. मुंबईच्या गेटवेवरून अलिबागजवळच्या मांडव्याला लाँचने तासाभरात जाता येतं, पावसाळ्यात ती बंद असते, जानेवारीत चालू.

खाण्याचंही तसंच. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, परगावी तेच सगळ्यांत भरवशाचं. दुधाची बाटली मुळीच न्यायची नाही, ती नीट उकळायची सोय खोलीत नसते. वाटी-चमचा घ्या. पाणी उकळून गार केलेलं. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस झाली आहे का ते मी कार्डावर पाहिलं, झाली होती. आणि ओआरएसच्या, म्हणजे हगवणीत द्यायच्या मीठ-साखरेच्या, दोन पुड्या. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पुडी मिसळायची, कमी पाण्यात नाही.

तिसऱ्या गुरुवारी सासूबाई आल्या. मी बोलावलं नव्हतं. सून बाहेर भाजी घेत होती. त्या आल्या तशा रागातच होत्या.

‘बाई, तुमी त्याह्यले जा म्हून सांगतलं?’

मी म्हटलं, ‘मावशी, जायचं त्यांनी ठरवलं. नेताना काय काळजी घ्यायची ते मी सांगितलं. तुम्हाला कशाची भीती वाटते ते सांगा.’

त्या खुर्चीत बसल्या नाहीत, खाली फरशीवर बसल्या. लुगड्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. मग सांगितलं. तेहतीस वर्षांपूर्वी कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेला बंडीने, म्हणजे बैलगाडीने, गेल्या होत्या, वर्षाची मुलगी घेऊन. परतीच्या वाटेत मुलीला हगवण लागली. ‘पानी मांगे लेकरू. सारे म्हनत, पानी देऊ नोका, पानी देलं तं अजून लागते. मी नाई देलं.’ घरी पोचेपर्यंत डोळे खोल गेले होते. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. ‘सासू म्हने, तुलेच हौस होती यात्रेची.’

सतराव्या ओळीतलं वाक्य तेहतीस वर्षं त्या घरात होतं. सुनेला ते सासूकडून मिळालं, सासूला तिच्या सासूकडून.

मी त्यांना ओआरएसची पुडी दाखवली. हगवणीत अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं, जीव जातो तो त्याने, म्हणून हगवण लागली की पाणी जास्तच द्यायचं असतं. दहा महिन्यांच्या बाळाला दर पातळ शीला अर्धा कप, चमच्या-चमच्याने, आणि अंगावरचं दूध चालू. बाळ मलूल पडलं, पिईनासं झालं, लघवी कमी झाली, शीत रक्त दिसलं, तर घरगुती काही न करता लगेच रुग्णालय. त्यांनी पुडी हातात घेऊन उलटी-सुलटी करून पाहिली. वाचता येत नव्हतं. ‘हे तवा होतं का?’ त्यांनी विचारलं. होतं, मी म्हटलं, पण तुमच्या बंडीपर्यंत पोचलं नव्हतं. मला खोटं बोलवेना.

जानेवारीत ते तिघं गेले. सासूबाई गेल्या नाहीत, घरी गाय होती. नवऱ्याने निघताना आईसमोर एक वाक्य म्हणायचं आमचं ठरलं होतं, आणि त्याने ते म्हटलं: ‘आमी दोघाईनं ठरोलं हाय. काई झालं तं दोघाईचं.’

झालंही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून बाळाला तीनदा पातळ शी झाली. संध्याकाळी तिने घरी फोन केला. नंतर मला सांगताना तिचा आवाज हलला. म्हणाली, फोन लावताना हात थरथरत होते, वाटलं आता ऐकावं लागते. पलीकडून सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘पुडी घोल्ली का? मंग पाजत राह्य. झोपला तं उठवून पाज.’ रात्री दर तासाला फोन येत राहिला. नवरा चमचा धरून बसला, ती अंगावर घेत राहिली, मालकीणबाईंनी उकळलेलं पाणी तांब्याने आणून दिलं. सकाळी बाळ खेळायला लागलं होतं. तरी जिल्हा रुग्णालयात दाखवलं, डॉक्टरांनी तपासून झिंक दिलं आणि प्रवासाला हरकत नाही म्हणाले. लाँचला वेळ होता म्हणून शेवटचं अर्धा तास किनाऱ्यावर बसले. बाळाने वाळू मुठीत धरली ती बडनेऱ्यापर्यंत नखांत होती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी एकट्या. भाजीची पिशवी रिकामीच होती. उरलेली दुसरी पुडी त्यांनी रुमालात बांधून आणली होती, ती कधीपर्यंत चालते हे वाचून दाखवा म्हणाल्या. मी तारीख वाचली. रुमाल बांधून झाला तरी त्या उठल्या नाहीत.

‘बाई, मी यात्रेले नेलं म्हून नाई ना गेली थे?’

नाही, मी म्हटलं. त्या रडल्या नाहीत. ‘पुन्ना सांगा,’ म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, आणि पुढच्या गुरुवारी या म्हटलं.