एमजीबीच्या इंजिनाला हात लावण्याआधी

एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिची ताकद वाढवायची म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवायची घाई करू नकोस. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज: इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघ. आकडा वर सरकला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. हलला नाही तर व्हॉल्व्ह, नाहीतर हेडखालचं गॅस्केट. खर्च कुठे करायचा ते इथेच कळतं.

१७९८ सीसीचं हे बी-सिरीज इंजिन दणकट आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवायच्या भानगडीत लगेच पडू नकोस. पैसे हेडवर घाल. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या मशीन शॉपमधून एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घे, कारण जुनं हेड शिसंवाल्या पेट्रोलसाठी बनलेलं. मग पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या एसयू कार्ब्युरेटरची जोडी नीट सिंक कर, म्हणजे दोन्ही सारखी चालतील. आणि इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर नीट कर! घोडबंदरला गायमुखच्या घाटात इंजिन तापून अडकलास की वाढलेली ताकद काय कामाची?

दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचं मात्र डोक्यातून काढ. आरटीओची परवानगी लागते ती वेगळीच. शिवाय ५० वर्षांवरच्या गाड्यांना मिळणारी ‘व्हीए’ (व्हिंटेज गाड्यांची) नोंदणी इंजिनात मोठा बदल केला की हुकते.