नाशिकहून एका दिवसात गावं बघायची तर एकच दिशा धरा

तुमचा प्रश्न असा: नऊ जण, त्यात दोन ज्येष्ठ आणि दोन लहान मुलं. जानेवारीचा शेवटचा आठवडा. सकाळी नाशिकहून निघून रात्री जेवायला घरी. यादीत त्र्यंबक, गिरणारे, नांदूरमध्यमेश्वर, लासलगाव आणि येवला.

ही यादी तीन दिवसांची आहे. एका दिवसात बसवली तर गाव फक्त गाडीच्या काचेतून दिसेल. नाशिकच्या भोवतीचा मुलूख दिशेगणिक बदलतो. इगतपुरी-त्र्यंबककडे वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तर सिन्नर-येवल्याकडे जेमतेम ५०० ते ६००. म्हणून पश्चिमेला भात, नागली, वरई. उत्तरेला दिंडोरीकडे द्राक्षबागा आणि भाजीपाला. पूर्वेला निफाडकडे द्राक्षं, ऊस, कांदा आणि त्यापुढे बाजरीचा कोरडा पट्टा. ताटातली भाकरीसुद्धा त्याप्रमाणे बदलते. एका दिवसाला एक दिशा आणि तीन थांबे, यापेक्षा जास्त घेऊ नका. जानेवारीत पश्चिमेचे धबधबे आटलेले आणि भात कधीच कापून झालेला असतो. पूर्वेला मात्र पक्षी आलेले असतात, द्राक्षांची काढणी सुरू असते आणि बाजारात लाल कांदा असतो. तेव्हा निफाड तालुका घ्या. त्र्यंबक, गिरणारे आणि येवला या वेळी सोडा.

आधी वार ठरवा. तुम्ही रविवार किंवा २६ जानेवारी म्हणताय. दोन्ही दिवशी लासलगावला कांद्याचे लिलाव नसतात आणि पक्षी बघायला मात्र सगळं शहर लोटतं. एक दिवस रजा काढून मंगळवार ते शुक्रवारातला वार घ्या. शनिवार किंवा अमावास्या येत असेल तर आदल्या दिवशी बाजार समितीत फोन करून लिलाव आहेत का ते विचारा. हमाल-मापाऱ्यांचा किंवा व्यापाऱ्यांचा बंद अचानक पुकारला जातो, म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा खात्री करा. रविवारच जमणार असेल तर लासलगाव गाळा आणि त्या वेळात कोठुऱ्याला गोदाकाठी बाणेश्वराच्या देवळाशी थांबा.

गाडी: नऊ जणांना दोन छोट्या गाड्या स्वस्त वाटतात, पण एक पुढे जाते, एक चहाला थांबते आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं एकमेकांची वाट बघण्यात जातात. १२-१३ सीटची ट्रॅव्हलर घ्या. उरलेल्या सीट रिकाम्या ठेवू नका, परतीला तिथे द्राक्षांचे खोके येतील. १७ सीटची मोठी गाडी नको. शिवाररस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली की तिला मागे घ्यायला जागा मिळत नाही. भाडं ठरवताना फसगत इथे होते: शहरातलं पॅकेज ‘८ तास ८० किलोमीटर’चं असतं आणि बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरले जातात. तुमचा फेरा साधारण १५० किलोमीटरचा आणि १२-१३ तासांचा होईल, म्हणजे तो कशातच नीट बसत नाही. मालकाला मार्ग सांगून ठोक रक्कम ठरवा. टोल, पार्किंग आणि चालकाचं जेवण त्यात आहे की वेगळं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. चालकाचं ताट तुमच्या मोजणीत धरा, म्हणजे दहा ताटं.

पहाटे ५:३० ला नाशिक सोडा. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, निफाड करत नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याकाठच्या चापडगावला पोहोचायला सव्वा ते दीड तास लागतो. जानेवारीत या पट्ट्यात दाट धुकं उतरतं. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो तो उगाच नाही. ज्येष्ठांना कानटोपी, मुलांना हातमोजे आणि सगळ्यांना दोन थर कपडे. ११ वाजता हेच कपडे नकोसे होतील, तेव्हा एक मोठी पिशवी त्यांच्यासाठी ठेवा.

नांदूरमध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि त्यावर पक्षी आले. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० मध्ये ते जाहीर झालं. वन विभागाचं प्रवेश शुल्क भरून गावातला मार्गदर्शक घ्याच. त्याच्याकडे तिकाटण्यावरची दुर्बीण असते, आणि लांबवरचा ठिपका तलवार बदक आहे की थापट्या हे त्याच्याशिवाय कळत नाही. नऊ जण एका दुर्बिणीपाशी उभे राहिले की एकाच्या वाट्याला मिनिटभर येतं आणि मुलं कंटाळतात. घरून ८×४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या) एक-दोन हातदुर्बिणी आणल्या तर हा प्रश्न सुटतो. लाल, पांढरे, चमकीचे कपडे नकोत. मुलांना आधी वारकरी (काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) आणि जांभळी पाणकोंबडी दाखवा. हे पक्षी मोठे, जवळ आणि ओळखायला सोपे असतात, त्यामुळे डोळा बसतो. मग चक्रवाक, चमचा, दलदलीवरून घिरट्या घालणारी घार कुळातली शिकारी पाखरं. रोहित (फ्लेमिंगो) दिसले तर नशीब, पण त्यांच्यासाठी म्हणून जाऊ नका. दोन तास पुरे. ९ नंतर ऊन चढतं, पक्षी बसून राहतात आणि दुर्बिणीत पाण्यावरची हवा थरथरते.

नाश्ता निघायच्या आधी कुणी करत नाही आणि ९ ला सगळे एकदम भुकेजतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी घरून न्या. वाटेत मिसळ खायला थांबलात तर पाऊण तास जातो आणि लिलावाची सकाळ हुकते.

तिथून लासलगाव साधारण पाऊण तास. लिलाव बघणं हा माझ्या मते या दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि बहुतेक सहली नेमका हाच टाळतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने लागलेले असतात. व्यापाऱ्यांचा घोळका आणि समितीचा माणूस एकेका वाहनापाशी येतो. व्यापारी कांदा वरून बघत नाही, ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा उपसतो, दोन बोटांत दाबतो, मानेपाशी ओला आहे का ते बघतो, पत्ती (वरची साल) किती सुटली ते बघतो. बोली क्विंटलवर चालते आणि मिनिटभरात संपते. चार महिन्यांच्या पिकाचा भाव त्या मिनिटात ठरतो. शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते, गाडी वजनाला भुईकाट्यावर जाते आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या कांदा निवडायच्या आवारात, रिकामी होते. तिथे खालचा माल वरच्यासारखा निघाला नाही, गोल्टी (बारीक कांदा) जास्त निघाली, तर पुन्हा घासाघीस. हा दुसरा अंक कुणी बघत नाही, पण एखादं खळं दाखवायला व्यापारी बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. प्रतवारी करणाऱ्या बायकांचे हात बघा, मोठा, मध्यम, गोल्टी अशी निवड डोळ्यांनीच चाललेली असते.

आवारात शिरताना समितीच्या कार्यालयात सांगून जा. घोळका आणि ट्रॉली यांच्यामध्ये उभं राहू नका. मुलांचा हात सोडू नका, ट्रॅक्टर मागे येताना चालकाला लहान मूल दिसत नाही. आणि भाव पडलेला असेल त्या दिवशी शेतकऱ्याला हसत ‘काय भाव मिळाला काका?’ असं विचारू नका. आधी गाव विचारा, लागवड विचारा, बोलावंसं वाटलं तर भाव तेच सांगतील. धूळ आणि कांद्याची फोलपटं उडतात, दम्याचा त्रास असलेल्यांनी मास्क लावावा. एक तास पुरतो. ज्येष्ठांना तेवढं उभं राहणं झेपणार नसेल तर त्यांच्यासाठी घडीची दोन स्टुलं गाडीत टाका.

दुपारचं जेवण आणि बाग एकाच घरी ठेवा, पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एखाद्या गावात. यजमान शोधायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे कृषी पर्यटन केंद्र. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, तेव्हा नोंदणी आहे का हे बिनधास्त विचारा. दुसरा, मला जास्त पसंत असलेला: सोसायटीत किंवा ऑफिसात कुणाचं तरी घर निफाड-दिंडोरीकडे असतंच, त्यांच्या ओळखीने एखाद्या शेतकरी कुटुंबाशी ठरवा. पण ओळखीचं आहे म्हणून फुकट समजू नका. ताटाचा दर आधी विचारा, निम्मी रक्कम आदल्या दिवशी पाठवा आणि उरलेली निघताना स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हातात द्या. घरातल्या पुरुषाच्या यूपीआयवर पाठवलेले पैसे चुलीपर्यंत पोहोचतीलच असं नाही.

माणसं किती, हे आदल्या संध्याकाळपर्यंत पक्कं कळवा. कारण साधं आहे. मोठ्यांना दोन-दोन, मुलांना एकेक धरली तर दहा ताटांना अठरा भाकरी लागतात. एका चुलीवर एका भाकरीला तीन-चार मिनिटं, म्हणजे तासभर तरी एक बाई धुरात बसून असते. ‘अजून चार जण येतायत’ असा फोन १२ वाजता केला की तिचा आणखी अर्धा तास जातो. मांसाहार हवा की नको हेही तेव्हाच सांगा. बाजरीची भाकरी, वांग्याची काळ्या मसाल्याची भाजी, पिठलं, ठेचा, कांदा आणि ताक एवढं सांगितलंत तरी भरपूर. ठेचा मुलांच्या ताटात आधीच वाढला जाणार नाही एवढं बघा. पाण्याचा २० लिटरचा तोटीचा जार नाशिकहूनच भरून घ्या, म्हणजे माणशी दोन लिटर होतात आणि बाटल्यांचा कचरा गावात राहत नाही.

शौचालयाचा विषय फोनवरच काढा. संकोचाने तो राहून जातो आणि मग घरातल्या बायका दिवसभर पाणी पिणं टाळतात. यजमानांकडे बसायच्या पद्धतीचं आहे की कमोड, हे ज्येष्ठांसाठी विचारून घ्या. वाटेत निफाड किंवा लासलगावला थांबायची जागा चालकाला आधीच सांगून ठेवा.

बागेत जायची वेळ जेवणानंतर, ३ च्या सुमारास. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण ११० ते १३० दिवसांनी घड तयार होतात, म्हणजे जानेवारीअखेर काही बागा काढणीला आलेल्या आणि काहींत मणी अजून फुगत असतात. दोन्ही दाखवायला सांगा. काही घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दिसतील. थंडीत हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, त्याला पिंक बेरी म्हणतात, आणि तसा घड निर्यातीत चालत नाही. ती टाळायला हा कागद. एक कागद सोडून आतला घड बघा: मण्यांवर पांढरट मेणचट थर असतो, बोट लागलं की तिथे डाग उमटतो आणि मग त्या घडाची प्रत उतरते. म्हणून घड धरायचा तो देठाला, कात्रीने कापायचा तोही देठापाशी. नऊ जणांनी ‘एकच मणी’ तोडला तर नऊ घड खराब होतात. चाखायला शेतकरी स्वतः एक घड काढून देतो, तोवर थांबा. आणि खायच्या आधी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व काळ ठरलेला असतो, शेतकऱ्याला तो तोंडपाठ असतो आणि असं विचारलेलं त्याला आवडतं. फवारणी चालू असलेल्या ओळीकडे मुलांना नेऊ नका. मांडवाच्या तारा डोक्याच्या उंचीवर असतात, उंच माणसांनी जपून चालावं. ड्रोन आणू नका, ओझरचा विमानतळ जवळ आहे.

५ ला बाग सोडा. अंधार पडल्यावर उसाच्या बैलगाड्या आणि कांद्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागे दिवा नसतो. पिंपळगावहून महामार्गाने नाशिक ३० किलोमीटर, पण संध्याकाळी शहरात शिरताना वाहनं तुंबतात, तासभर धरा.

हेच पावसाळ्यात करायचं झालं तर पश्चिमेला हरसूल-पेठ बाजूला जा, भाताची आवणी (लावणी) बघा, नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे खा. तिकडे अनेक पाड्यांवर रेंज नसते, रोख पैसे ठेवा. पण लहान मुलं असताना दुगारवाडीसारख्या धबधब्यांच्या दरीत उतरू नका. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो आणि परतीची वाट बंद होते. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या, त्र्यंबक रस्ता टाळा. सिंहस्थाच्या कामांमुळे त्या बाजूला एरवीही जास्तीचा वेळ धरावा लागतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर असेल तर गिरणाऱ्याचा टोमॅटो बाजार बघा, २० किलोच्या कॅरेटवर सौदा चालतो.

खरेदीचं शेवटी. द्राक्षं खोक्यात घ्या, एकावर एक तीनपेक्षा जास्त खोके रचू नका, उन्हात तापलेल्या डिकीत ठेवू नका, नाहीतर घरी पोहोचेपर्यंत मणीगळ होते. कांदा मात्र महिनाभर पुरेल एवढाच घ्या. जानेवारीचा लाल कांदा टिकत नाही, त्याला लवकर कोंब येतात. पोतंभर साठवायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये याच यजमानांकडून उन्हाळ कांदा मागवा, माना सुकलेला आणि सावलीत वाळवलेला.