वाट बघायची तर बाय टू सांगून

सातारकडून बेळगावात येऊन तुला दोनच महिने झालेत, म्हणून सांगतो. टिळकवाडीतल्या मित्राने 'पाच मिनिटांत आलो' म्हटलं की रेल्वे गेट पडलेलं असणार असं धरून चाल. फोनवर फोन करू नकोस. एक बाय टू सांग, म्हणजे एका कॉफीचे दोन कप. अर्धी तू पी, उरलेली त्याची. निवली तर त्याची चूक.

दवाखान्यात मात्र कान उघडे ठेव. टोकन बहुतेक वेळा कानडीत पुकारतात. माझा नंबर सतरा होता. 'हदिनेळू, हदिनेळू' असं ओरडून बाई दमली आणि मी आपला पेपर वाचत बसलो! शेवटी पंचविसाव्यानंतर आत गेलो. तेव्हा निदान पन्नासपर्यंतचे आकडे पाठ कर. 'नाळे बन्नी' म्हणजे उद्या या, हेही लागेलच.

उत्पन्नाच्या दाखल्यासारखं काम असेल तर अर्ज देऊन नुसता परत येऊ नकोस, 'सकाल'ची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मुदतीत सेवा देण्याच्या योजनेची पोच माग. 2011 च्या कायद्याने अशा कामांना मुदत ठरवून दिलीय. उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 भरपाई मागता येते. पैसे किरकोळ आहेत रे, पण पोचेवरचा नंबर दाखवला की टेबलामागचा सूर बदलतो. आणि सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन चालू असेल त्या दिवसांत साहेब भेटतील ही आशाच सोड, सरळ कॉफीला ये.