वाचकांचे प्रश्न : परतीच्या पावसासोबत येणारे पाहुणे

प्रश्न : दसऱ्याच्या सुमारास माळावरच्या विजेच्या तारेवर नीलकंठ बसला होता. त्याचे डोके आणि छाती पूर्ण निळी होती. नेहमीचा पक्षी असा नसतो. हा कोणता? (एक वाचक, बारामती)

उत्तर : वर्णनावरून तो काश्मिरी नीलपंख, म्हणजे युरोपीय नीलपंख वाटतो. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची, म्हणजेच नीलकंठाची, छाती विटकरी-तपकिरी असते आणि गळ्यापासून खाली पांढुरक्या बारीक रेघा असतात. काश्मिरी नीलपंखाचे डोके, मान, छाती आणि पोट सलग फिकट निळे असते, पाठ तेवढी तांबूस. मात्र एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. या दिवसांत येणाऱ्यांत यंदाची पिल्लेही असतात. त्यांच्या छातीवर मळकट तपकिरी झाक आणि पुसट रेघा असल्यामुळे भलेभले फसतात. तो उडेपर्यंत थांबा. आपल्या नीलपंखाने पंख उघडले की गडद आणि फिकट निळे पट्टे स्वच्छ दिसतात. काश्मिरीच्या पंखाची मागची अर्धी बाजू काळसर असते, तिच्यात फिकट पट्टा नसतो. फोटो काढायचाच तर तारेवर बसलेल्याचे दहा घेण्यापेक्षा उडतानाचा एक घ्या.

हा पक्षी आपल्याकडे हिवाळा काढत नाही. मध्य आशियातून आफ्रिकेकडे जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरात तो गुजरात, महाराष्ट्राच्या माळांवर थोडे दिवस नाकतोडे खाऊन पुढे निघतो. म्हणून नोंदीत तारीख हवीच. डिसेंबर-जानेवारीत तसा पक्षी दिसला तर ओळख पुन्हा तपासा.

प्रश्न : बागेत एक करडा-तपकिरी छोटा पक्षी फांदीवरून झेप घेऊन किडा पकडतो आणि परत तिथेच बसतो. तपकिरी माशीमार की ठिपकेदार? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कपाळ आणि छाती पाहा. दोन्हीकडे बारीक गडद रेघा असतील तर ठिपकेदार. तोही वाटसरूच, ऑक्टोबर सरता सरता दिसेनासा होतो. छाती साधी, टपोऱ्या डोळ्याभोवती पांढरे कडे आणि खालच्या चोचीचे मूळ पिवळसर असेल तर तपकिरी माशीमार. तो थंडीभर मुक्काम करतो. एकाच फांदीवर महिनाभर दिसणारा पक्षी बहुधा हाच.

प्रश्न : ऑक्टोबरात मुद्दाम भिगवणला गेलो, तर पक्षी फारच कमी. स्थलांतर उशिरा होत आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पक्षी आलेले असतात, त्यांना बसायला जागा नसते. चांगला पाऊस झालेल्या वर्षी भिगवणजवळचे उजनी धरण ऑक्टोबरात काठोकाठ भरलेले असते. तुतवार, शेकाटे, चिखले या काठावर चरणाऱ्या पक्ष्यांना लागतो घोट्याएवढ्या पाण्याचा उघडा चिखल, आणि तोच बुडालेला असतो. पाणी उतरू लागले की काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि तेव्हा गर्दी होते. पट्टकादंब हे हंसही साधारण त्याच सुमारास, नोव्हेंबरच्या पुढे उतरतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गावाकडचे उथळ पाझर तलाव बघा. एका कडेला गुरे उतरून चिखल झालेला तलाव सर्वांत चांगला. करडा धोबी ऑगस्टच्या शेवटीच ओढ्याकाठी हजर होतो, आणि हिरवी तुतवार बऱ्याचदा त्याच्याही आधी. कोकणात असाल तर घड्याळापेक्षा भरतीचे कोष्टक महत्त्वाचे. पूर्ण भरतीला किनाऱ्यावरचे पक्षी मिठागरांत आणि बांधांवर दाटीने विसावतात, पूर्ण ओहोटीला ते चिखलात इतके दूर जातात की नुसते ठिपके उरतात. भरती उलटल्यावर तासाभरात जागेवर पोहोचा. पहिला चिखल तुमच्यासमोर उघडा पडतो आणि पक्षी तिथेच उतरतात. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू धरा. उन्हाकडे तोंड केले तर पायांचा रंग कळत नाही, आणि या पक्ष्यांत अर्धी ओळख पायांवर असते.

प्रश्न : अमूर ससाणा लोणावळ्याला दिसतो म्हणतात. कधी जावे, आणि खरूचीपासून (केस्ट्रेल) वेगळा कसा ओळखावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघालेले हे ससाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड, मणिपूरला प्रचंड संख्येने थांबतात आणि वाळवी खाऊन अंगात चरबी साठवतात. तिथून भारताचे द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून ते सोमालियाकडे जातात. 2013 मध्ये नागालँडमध्ये उपग्रह-यंत्रे बसवलेल्या तीन ससाण्यांच्या नोंदींनी हा मार्ग नकाशावर स्पष्ट दाखवला. त्यांची नावे नागा, पांगती आणि वोखा अशी ठेवली होती. आपला प्रदेश त्यांच्या वाटेवर समुद्राआधीचा शेवटचा टप्पा आहे. सह्याद्रीच्या पठारांवर तुम्ही पाहता तो पक्षी पुढे हजारो किलोमीटर पाण्यावरून न थांबता उडणार असतो. त्याच्या मागे गाडी पळवून त्याला तारेवरून उठवू नका. त्या बसण्यात त्याची पुढची शिदोरी असते.

ओळख पायांवरून सुरू करा : अमूरचे पाय नारिंगी-लाल, खरूचीचे पिवळे. अमूर नर पाटीसारखा गडद राखाडी असतो, शेपटीखाली विटकरी, आणि उडताना पंखाखालचा पुढचा भाग पांढराशुभ्र. मादीच्या पांढुरक्या पोटावर काळ्या खुणा असतात. खरूचीची पाठ विटकरी, त्यावर काळे ठिपके. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणे ही खरूचीची खूण समजतात, पण अमूरही अधूनमधून तसे करतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. खरूची बहुधा एकटी असते, अमूर थव्याने येतात. थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते आकाशात किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवा आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जा.

प्रश्न : दुर्बीण 8×42 घ्यावी की 10×42? (एक वाचक, सांगली)

उत्तर : 8×42. भिंगाचा व्यास (42 मिलिमीटर) भागिले वर्धन (8 किंवा 10) केले तर डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : 8×42 मध्ये सव्वापाच मिलिमीटर, 10×42 मध्ये 4.2. पहाटेच्या मंद उजेडात हा फरक जाणवतो. शिवाय दहापट वर्धनात हाताचा कंपही जास्त दिसतो. दूरच्या चिखलातल्या पक्ष्यांना मात्र कोणतीही दुर्बीण अपुरी पडते. तिथे तिवईवरचा 20-60 पटींचा स्पॉटिंग स्कोप लागतो. दुपारी तापलेल्या चिखलावर हवा थरथरते, तेव्हा 30 च्या वर जाऊ नका.